गाडीची डबल बेल

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप पुतळाआक्कास,
धाकट्या धनराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघे इकडे बरे आहोत. तुझे गुडघे, समर्थची डाळिंबं आणि तुझ्या गोठ्यातली कपिला या तिघांचीही खुशाली कळव, यात गुडघ्यांची आधी. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस, उरलेलं अर्धं समर्थच्या कानाला लावतेस, आणि मग माझीच गोष्ट कळवणच्या पेठेतून फिरून संध्याकाळी मला परत ऐकू येते. तेव्हा हे पत्र तू एकटीने, ओसरीवर बसून वाचायचं. तुझ्या पोराला, समर्थला, दाखवायचं नाही. अक्षर आशाचं पाहून दचकू नकोस. परवा कैऱ्या चिरताना माझ्या उजव्या अंगठ्याला विळी लागली, म्हणून मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे. स्वतःच्या मनाचा एक शब्दही घालायचा नाही, असं तिला बजावलेलं आहे. (आक्का, कंसातलं सगळं माझं, आशाचं. यांचा अंगठा ठणठणीत आहे. कैऱ्या मी चिरल्या. कागदावर काय उमटतंय ते यांना दिसत नाही, म्हणून मी लिहितेय.)

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. दिवाळीनंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजवा पिकलाय म्हणाले, म्हणजे उतरवायला झाला. तारीख कधीची देऊ, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. घरी येऊन मी कोणालाही काही विचारलं नाही. (फाईल गादीखाली ठेवली. गादी मी दर रविवारी उन्हात टाकते हे चाळीस वर्षांत यांच्या लक्षात आलेलं नाही.) आता हर्षल वर्षभर पुण्याहून मागे लागलेला होताच, की बाबा, जुनी गाडी काढा, सगळ्यांना बसता येईल अशी मोठी घेऊ. मी नको म्हणत होतो. पण सहज म्हणून शोरूममध्ये गेलो, तर तिथल्या माणसाने सांगितलं की या गाडीला पुढच्या काचेत एक कॅमेरा आहे, चार बाजूंना चार आहेत आणि नाकावर रडार आहे. ती रस्त्याचे पट्टे बघते, पुढची गाडी बघते, आणि कोणी आडवं आलं तर आपण होऊन ब्रेक मारते. मी तिथेच उभ्या उभ्या विचार केला. पाच डोळे गाडीचे, दोन माझे. माझ्यातला एक गेला आणि दुसरा निम्मा धरला, तरी साडेपाच उरतात. एवढ्या डोळ्यांवर माणूस काशीला जाऊन येईल. मग ऑपरेशन कशाला? त्याच संध्याकाळी हर्षलला फोन करून होकार दिला. पोरगा इतका खूश झाला की मला थोडं वाईट वाटलं.

गाडी आली. पांढरी, उंच, सात माणसांची. हर्षलने दोन दिवस सुट्टी काढून मला सगळी बटणं शिकवली आणि प्रत्येक सोय चालू करून ठेवली. मीही मान हलवली. आक्का, बत्तीस वर्षं मी एसटी चालवली. सप्तशृंगीचा घाट धुक्यात चढवलाय, सुरगाण्याच्या रस्त्याला एका दिव्यावर गाडी आणलीय, आणि विनाअपघात सेवेचा बिल्ला आजही कपाटात आहे. माझ्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आलेली नाही. (एक आली होती. बोरगावची. पण ती म्हातारी होती असं हे सांगतात.) अशा माणसाला गाडीने शिकवावं म्हणजे काय! पहिल्याच दिवशी दिंडोरीला निघालो, तर पाचव्या मैलावर समोरच्या पडद्यावर नारिंगी रंगाचा चहाचा कप आला आणि खाली काहीतरी अक्षरं. कप मोठा होता म्हणून दिसला. मला वाटलं, चांगली चाल आहे, गाडी चहाची आठवण करते. थांबलो, चहा घेतला. पुढे तीन मैलांवर पुन्हा कप. पुन्हा थांबलो. दिंडोरीला पोचेपर्यंत चार चहा झाले आणि ज्याच्याकडे गेलो होतो त्याने पाचवा केला. मग हर्षलने फोनवर उलगडा केला, की आरशापाशी एक छोटा कॅमेरा ड्रायव्हरकडेही बघत असतो, आणि डोळे मिटायला लागले की झोप आली असं समजून विश्रांती घ्यायला सांगतो. मी म्हटलं, मी तर टक्क जागा होतो. (जागे होतेच. पण पुढचं दिसावं म्हणून इतके डोळे बारीक करून बसतात, की मलाही झोपल्यासारखे वाटतात. गाडीचं चुकलं नाही.)

दुसरी तक्रार स्टिअरिंगची. पांढऱ्या पट्ट्याच्या जरा बाहेर गेलं की ते हातात आपोआप आत ओढतं. कधी कंडक्टरने माझ्या स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि इथे हे! मला वाटलं, गाडीतच खोट आहे. आमच्या नाक्यावरच्या धम्मपालच्या गॅरेजला नेली. त्याने चाकांचं अलाइनमेंट केलं, हवा तपासली, स्वतः पाथर्डी फाट्यापर्यंत चालवून आणली आणि म्हणाला, "काका, गाडी सरळ जाती. तुम्ही वाकडी नेता तव्हाच ओढती." माणूस चांगला आहे, पण नवीन गाड्यांचं त्याला फारसं कळत नसावं. मी आठवड्याने पुन्हा नेली. पुन्हा त्याने तेच सांगितलं आणि चहा मागवला. चहाचं मी आता नावच टाकलं आहे.

मग चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालो, कारण नवी गाडी देवीच्या पायाशी नेल्याशिवाय तू मला झोपू देणार नव्हतीस. हायवेला मी आणखी एक बटण दाबलं. या बटणाने गाडी पुढच्या वाहनाच्या मागे ठरावीक अंतर ठेवून चालते. ते हळू झालं की ही हळू होते, ते पळालं की ही पळते. वळायचं मात्र आपणच असतं. माझ्यापुढे एक पिकअप होती, मागे हिरवी ताडपत्री. हिरवा रंग मला बरा दिसतो. पाट्यांवरची अक्षरं हल्ली फार बारीक काढतात, त्यामुळे मी म्हटलं, पिकअपही चांदवडलाच चाललीय, तिच्या मागे मागे जाऊ. ती वळली, मी वळलो. ती एका फाटकातून आत शिरली, मीही शिरलो. (मंदिराचा रस्ता गेला म्हणून मी दोनदा सांगितलं. "गाडी बघतेय ना," म्हणाले.) थांबलो तेव्हा माझ्यापुढे पिकअप, मागे ट्रॅक्टर, त्याच्या मागे आणखी आठ ट्रॅक्टर, आणि सगळ्यांत कांदा. बाजार समितीचा लिलाव चालू होता आणि आम्ही नंबरात होतो. एक पागोटंवाला खिडकीशी आला आणि कौतुकाने म्हणाला, "दादा, लय भारी गाडीत आणला माल! लाल हे का उन्हाळी?" आशाने काच खाली करून सांगितलं की आम्ही देवीला आलोय. "मंग नंबर कशाला लावला?" असं त्याने विचारलं. मागे नऊ ट्रॅक्टर, त्यामुळे निघताही येईना. दोन तास आम्ही लिलावात पुढे पुढे सरकत होतो. व्यापारी पांढऱ्या गाडीपाशी आला, आत वाकून बघितलं, आशाला नमस्कार केला आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला. माणसं सभ्य आहेत चांदवडची.

आता तुझा भाग येतो, तेव्हा रागावू नकोस. मंदिराच्या पायथ्याशी गाडीची पूजा करायची म्हणून आशाने तुला फोन लावला होता. स्वस्तिक बॉनेटवर काढू की काचेवर, असं तिने विचारलं. तू म्हणालीस, "काचेवरच काढ, पन वर काढ, मधोमध. खाली वायपर पुसून टाकतो." तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, चाळीस वर्षं सगळ्या गाड्यांना वायपर खालीच आहेत. आशाने कुंकवात तूप कालवून काचेच्या वर मधोमध हातभर स्वस्तिक काढलं. आत त्याच जागेवर, आरशाच्या मागे, गाडीचा मुख्य डोळा आहे हे तुला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक नव्हतं, आणि मला हर्षलने सांगितलं होतं पण मी फक्त मान हलवली होती. चैत्राचं ऊन. तूप पातळ झालं, कुंकू ओघळलं, आणि तिथे तांबूस पापुद्रा बसला. तेव्हापासून गाडी एकदम शांत झाली. स्टिअरिंग ओढणं बंद, मधेच दचकून ब्रेक लावणं बंद. मला वाटलं, अखेर माझ्या हाताला सरावली. समोर एक पिवळी ओळ सारखी लागलेली असायची, पण ती वाचायची काही गरज मला वाटली नाही. (ती ओळ माझ्या बाजूने दिसत नाही. काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "शुभ यात्रा.") कॅमेरा झाकला गेला आहे, ब्रेकची सोय बंद आहे, असं तिथे आठ दिवस लिहिलेलं होतं. आठ दिवस आम्ही दोघेही, गाडी आणि मी, तसेच गंगापूर रोडने हिंडत होतो.

यापुढचं सांगायला मला जड जातंय, पण सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी दहाला भाजीला जायचं म्हणून मी पोर्चमधून गाडी काढत होतो. सूर्य समोर. हल्ली ऊन समोर असलं की मला पुढे नुसता पांढरा उजेड दिसतो, दूध सांडल्यासारखा. आशा फाटक उघडून आत आली असेल आणि बाजूला झाली असेल, असं मी धरून चाललो. ती फाटकाला लावलेली वीट काढायला वाकली होती. तिच्या अंगावर फिकट साडी. आक्का, मी तिला पाहिलंच नाही. गाडीला मात्र पुढच्या बंपरमध्ये वेगळी बटणं आहेत, जवळ काही आलं की वाजणारी. त्यांच्यावर कुंकू नव्हतं. ती वाजली. टिंग टिंग. तू कितीदा बसलीस माझ्या गाडीत, तुला सांगायला नको. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांबा. डबल बेल म्हणजे चला. बत्तीस वर्षं दिवसातून दोनशे वेळा मी डबल बेल ऐकली, आणि दर वेळी डोक्याला न विचारता माझा पाय खाली गेला. तसाच तो गेला. गाडी पुन्हा वाजली, टिंग टिंग, आणि मी आणखी दाबला. फाटकाचं लोखंड वाजलं तेव्हा ब्रेकवर उभा राहिलो. (मी उडी मारून कर्दळीच्या वाफ्यात पडले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. फाटकाचं एक दार वाकलं आहे. हे सांगून हे उठले आणि पाणी पिऊन आले, तोवर मीही पेन खाली ठेवलं होतं.)

मी उतरून तिच्यापाशी गेलो. ती मातीतून उठून पदर झटकत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती म्हणाली, "भाजी राहू द्या आज." मी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. सर्व्हिसमध्ये ज्या बिल्ल्यावर मी फुगलो, तो आपल्याच बायकोला धडक देऊन, आपल्याच दारात, भर सकाळी जाणार होता. किल्ली मी स्वतःहून दिली, तिने मागितली नाही, हे मला तुला कळवायचं आहे. (हे अगदी खरं आहे.)

गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायला धम्मपाल आला, आम्ही दोघे मागे बसलो. तिथे शुभांगी नावाची इंजिनिअर आहे, पंचविशीतली, आपल्या वैष्णवीएवढी असेल. तिने गाडीला पुढून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "काका, कॅमेऱ्यावर काय लावलंय?" मी सांगितलं, स्वस्तिक. ती हसली नाही. तिने खिशातून फडकं काढलं, बाटलीतलं काहीतरी शिंपडलं आणि काच पुसली. दोन मिनिटं लागली असतील. पिवळी ओळ गेली. "झालं, आता दिसतंय हिला," असं म्हणाली आणि स्वस्तिक खाली डाव्या कोपऱ्यात काढा, देवी तिथेही असते, असं आशाला समजावलं. मग मी तिला माझी खरी अडचण सांगितली, की थांबण्यासाठी ही डबल बेल देते, ती एक कर. तिने सगळी सेटिंग उघडून दाखवली. आवाज लहान, मध्यम, मोठा करता येतो. स्टिअरिंग ओढायच्या ऐवजी नुसतं थरथरवता येतं. पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवता येतं. बेल मात्र एकाची दोन किंवा दोनाची एक होत नाही. म्हणाली, "काका, या सगळ्या सोयी मदतीला आहेत. बघायचं चालवणाऱ्यानंच. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय." मग बोट दाखवून तिने विचारलं, स्क्रीनवर आता काय दिसतंय? मी म्हटलं, सगळं ठीक आहे असं लिहिलंय. (स्क्रीन बंद होती.)

तेव्हा सध्याची हकीकत अशी. गाडी पोर्चमध्ये उभी आहे, तिला चांगलं दिसतं. ऑपरेशनचा विचार मी करतो आहे, घाई काही नाही. तुला आठवत असेल, आपल्या अण्णांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना आठ दिवस हलू दिलं नव्हतं. तू त्यांना चमच्याने पेज भरवायचीस आणि मी दाराशी उभा असायचो, दहा वर्षांचा. पट्टी काढली तेव्हा त्यांनी तुझ्या आवाजावरून तुझ्याकडे मान वळवली. त्यांना तू दिसली नव्हतीस. मला तेव्हाही कळलं होतं. आता तसं राहिलेलं नाही, हे मला माहीत आहे. तू स्वतः दोन्ही डोळे करून आलीस आणि पेपरातली छोटी जाहिरातसुद्धा वाचतेस. तरी माणसाला जरा वेळ लागतो.

सर्वांना यथायोग्य सांग. कपिलेच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरव.

तुझा,
धनराज

ता. क. विचार करतोय म्हणालो, ते तितकंसं खरं नाही. ऑपरेशन परवा बुधवारी सकाळी नऊला आहे, उजव्या डोळ्याचं. तारीख मी स्वतः जाऊन घेतली. (मी हात धरून नेलं, पण "तारीख द्या" असं बोलले तेच.) हर्षलला सुट्टी आहे, तो येतोय, पण आक्का, मला भीती वाटते, आणि ते मी पोराला सांगू शकत नाही. तू दाराबाहेर बाकावर बसलेली असलीस, तर मी आत जाईन. तेवढ्यासाठी हे सगळं पत्र आहे.

ता. क. २. उद्या दुपारच्या गाडीने ये. हे पत्र आणणारा दिनेश ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला आहे, त्याला सांग की धनराजची बहीण आहे, तो पुढची सीट देईल. समर्थला म्हणावं, पापड करायला चाललेय. मी बोलावलं असं कोणाला सांगू नकोस.

ता. क. ३ (हा पूर्ण माझा, आशाचा). आक्का, तुम्हाला नमस्कार. सगळं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, कंस तेवढे गाळून. "छान लिहिलंस, एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीस," म्हणाले. त्या दिवशी फाटकापाशी मला खूप राग आला होता. पण हे तिथेच वाफ्याच्या कडेला बसले आणि माझं कोपर डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले, कुठे लागलंय ते यांना दिसत नव्हतं, आणि मी बोट लावून दाखवेपर्यंत सोडेनात. मग माझा राग राहिला नाही. मलाही बुधवारची धास्ती आहे. तुम्ही या. तुम्ही आलात की आम्हा दोघांनाही बरं वाटेल. एक मात्र करा. वाचून झालं की हे पत्र लगेच चुलीत घाला, जपून ठेवू नका. डॉक्टर म्हणाले आहेत, शुक्रवारपासून यांना सगळं वाचता येईल.